वादळाचा दाखला

तिनं पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली.
पासपोर्ट, करारनामा, मेडिकलचा 'फिट' शिक्का,
आणि लॅमिनेट केलेला पोलिसांचा कागद:
'सदर व्यक्तीविरुद्ध प्रतिकूल काहीही आढळले नाही.'
तो तिनं सगळ्यांत वर ठेवला.
आयुष्यातलं पहिलं प्रशस्तिपत्र,
काही न केल्याबद्दलचं.

मी हैदराबादेत, परदेशी जाणाऱ्यांच्या ऑफिससमोर,
चिंचेखाली बसतो. बावीस वर्षं फॉर्म भरतो.
आधी टाइपरायटर होता. त्यावर तीनाचा आठ
आणि आठाचा तीन करता यायचा,
पांढऱ्या शाईची बाटली महिनाभर पुरायची.
आता लॅपटॉप आहे. तो ऐकत नाही.

नाव? नूकरत्नम.
गाव? कोनसीमेत, समुद्राच्या अंगाला.
शिक्षण? नववी.
म्हणजे पासपोर्टावर 'चेक' आलाच,
म्हणजे देश सोडायला देशाला विचारायला हवं.
दहावी पास झालेल्याला कुणी विचारत नाही
कुठं चाललास, कुणाकडं, जेवायला घालणार का.
तो आपला जातो.

काम? दम्माममध्ये घरकाम. घरात माणसं सात.
वारस?
म्हणजे काय, बाबाई?
विम्याचे पैसे कुणाला द्यायचे ते.
कधी?
मी चष्मा काढून पुसला.
मुलाचं नाव तिनं अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं,
शाळेत घालताना सांगतात तसं.

मग जन्मतारीख. एक जून.
आमच्याकडच्या हेडमास्तरांनी गावंच्या गावं
एक जूनला जन्माला घातली आहेत.
आज एकवीस मे.
स्क्रीनवर लाल अक्षरं: तीस वर्षं पूर्ण नाहीत.
बाईमाणसाला घरकामाला जायचं तर तीस लागतात.
अकरा दिवस कमी.

ती म्हणाली, वादळ आलं तेव्हा मी रांगत होते.
आईनं मला साडीनं पोटाशी बांधून
रात्रभर नारळाला मिठी मारली होती.
सकाळी नारळाला शेंडा नव्हता. मी होते.
तिथपासून मोजा.

मी बोटांवर मोजलं. तीस भरून गेली होती.
पण वादळाचा दाखला कोण देणार?

त्याच दुपारी पलीकडच्या काचेच्या ऑफिसात
तिचा अंगठाही नाकारला.
चारदा पुसला, चारदा दाबला.
बारा वर्षं कोळंबी सोलली होती, बर्फात हात घालून.
यंत्र म्हणतं कुणीच नाही, ती मला सांगत आली,
आणि हसली, मग हसायची थांबली.

बालानगरला चुलत नणंदेकडं राहिली.
नणंद पाहुणीला कशालाच हात लावू देईना.
रोज दुपारी चिंचेखाली येऊन बसायची,
मोकळे हात मांडीत ठेवून,
दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखे.
एजंटाचे फोन यायचे. ते मी घ्यायचो.
कागद चालू आहेत, म्हणायचो,
आणि आणखी काही, जे इथं लिहीत नाही.

एक जूनला आली ती डोक्यात अबोली माळून.
आज झाले ना मी तीस वर्षांची?
झालीस.
लाल अक्षरं गेली.
मी दोन चहा सांगितले, उस्मानिया बिस्किटं चार.

मग रस्ता ओलांडून गेली, आणि परत आली ती धावत,
अंगठा वर धरून, भाजल्यासारखा.
उमटला!
अकरा दिवसांत रेषा परत आल्या होत्या,
बारीक, एकीला लागून एक,
ओहोटी गेल्यावर वाळूवर राहतात तशा.
ती उन्हाकडं अंगठा फिरवून फिरवून पाहत होती.
या माझ्याच का, बाबाई?

मी प्रिंट काढली. टाचणी मारली. शंभर रुपये घेतले.
'कामाचे स्वरूप' हा रकाना मीच भरला होता:
भांडी, धुणं, फरशी,
आणि करारात होतं म्हणून
'इत्यादी'.